परदेशात कापलेला कर : परतावा मागणाऱ्यालाच मिळतो
विशेष प्रतिनिधी

नागपूर : हिंगणा मार्ग हा नागपूरच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा रस्ता म्हणून ओळखला जातो. डिगडोहच्या टेकडीवर जी. एच. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालय, पुढे वानाडोंगरीत यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय आणि या सर्वांना लागून औद्योगिक वसाहत. येथून पदवी घेतलेल्यांपैकी अनेक जण उच्च शिक्षणासाठी अमेरिकेची वाट धरतात. जाताना शिष्यवृत्ती, व्हिसा, विमा, राहण्याची सोय यांची खडान् खडा माहिती त्यांच्याकडे असते. प्राप्तिकर हा विषय मात्र बहुधा पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर कपातीचा आकडा दिसल्यावरच त्यांच्यासमोर येतो.

तो आकडा म्हणजे कर नव्हे, हे तेव्हा कोणी सांगत नाही. पगार देणाऱ्याने वर्षभर अंदाजाने केलेली ती कपात असते. वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरले की प्रत्यक्ष देय कर ठरतो आणि जास्तीची रक्कम परत मिळते. विवरणपत्र न भरल्यास ती परत मिळत नाही. अमेरिकेत परतावा मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे विवरणपत्राच्या देय तारखेपासून तीन वर्षे आहे. त्यानंतर ती रक्कम अमेरिकी तिजोरीत कायमची जमा होते आणि कोणतेही सबळ कारण पुढे केले तरी सहसा उपयोग होत नाही. शिक्षण संपवून परतलेल्या किंवा नोकरीसाठी तिसऱ्याच देशात गेलेल्या तरुणांच्या बाबतीत हेच घडण्याची भीती असते. कागद एका देशात, माणूस दुसऱ्या देशात आणि पत्ता आईवडिलांच्या घरचा, अशी ती अवस्था असते.

येथे नागपूरकरांच्या मनात होणारा एक नावाचा गोंधळ दूर केलेला बरा. आपल्याकडे ‘आयआरएस’ म्हटले की छिंदवाडा मार्गावरील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत प्रशिक्षण घेणारे भारतीय महसूल सेवेचे अधिकारी डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत त्याच आद्याक्षरांनी तेथील केंद्रीय करखाते, म्हणजे ‘इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस’, ओळखले जाते. या लेखात पुढे ‘आयआरएस’ हा शब्द त्या खात्यासाठीच वापरला आहे.

विद्यार्थ्याचे विवरणपत्र

अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असे असते. पगार देणारी संस्था ३१ जानेवारीपर्यंत ‘डब्ल्यू-२’ नावाचे प्रमाणपत्र देते. आपल्याकडच्या ‘फॉर्म १६’चा तो भाऊ म्हणता येईल. शिष्यवृत्ती किंवा कराराखाली सवलत मिळालेल्या रकमेसाठी ‘१०४२-एस’ हा वेगळा कागद येतो, तो मार्चच्या मध्यापर्यंत. पगार मिळवणाऱ्याने १५ एप्रिलपर्यंत विवरणपत्र भरावयाचे असते.

कोणते विवरणपत्र, हा पहिला प्रश्न आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. ‘एफ-१’ व्हिसावरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करापुरता अनिवासी मानला जातो. वर्षाचा काही भाग राहिला तरी ते पूर्ण वर्ष धरले जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये गेलेल्या विद्यार्थ्याची पाच वर्षे २०२२ ते २०२६ अशी मोजली जातील, ऑगस्ट २०२७ पर्यंत नव्हे. या काळात त्याचे विवरणपत्र ‘१०४०-एनआर’ हे असते. निवासींसाठीचे साधे ‘१०४०’ भरले तर पात्रता नसलेल्या सवलती पदरात पडतात, परतावा फुगतो आणि पुढे व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या वेळी ती चूक महागात पडू शकते. बाजारातील लोकप्रिय संगणक प्रणालींपैकी काही निवासींसाठीच बनवलेल्या आहेत आणि मित्राने वापरली म्हणून आपणही वापरली, हेच या चुकीचे सर्वसाधारण कारण असते. चूक लक्षात आल्यास ‘१०४०-एक्स’ भरून दुरुस्ती करता येते.

उत्पन्न काहीच नसले तरी ‘एफ-१’ विद्यार्थ्याला ‘८८४३’ हा अर्ज पाठवावा लागतो. त्यात कर नाही, परतावाही नाही. आपले वास्तव्याचे दिवस का मोजू नयेत याचे ते निवेदन असते.

आता भारतीयांच्या हिताची गोष्ट. अमेरिकेत अनिवासी व्यक्तीला प्रमाणित वजावट मिळत नाही. भारतीय विद्यार्थी मात्र याला अपवाद आहेत. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमातील दुसऱ्या उपकलमानुसार शिक्षणासाठी गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला निवासी विद्यार्थ्याइतकीच वजावट घेता येते. ही वजावट अविवाहित व्यक्तीसाठी २०२४ या वर्षी १४,६०० डॉलर होती, २०२५ साठी ती १५,७५० डॉलर आहे.

याचा अर्थ उदाहरणानेच कळेल. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने २०२४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करून १२,००० डॉलर मिळवले. वजावट न घेता कर काढल्यास पहिल्या ११,६०० डॉलरवर १० टक्के आणि उरलेल्या ४०० डॉलरवर १२ टक्के, असा १,२०८ डॉलर कर होतो. कराराची वजावट घेतली तर करपात्र उत्पन्न शून्य आणि कापलेला सर्व केंद्रीय कर परत. एका सत्राच्या पुस्तकांचा व भाड्याचा बराचसा भार हलका करणारी ही रक्कम आहे. ती आपोआप मिळत नाही. विवरणपत्रात कराराचे कलम नमूद करून मागावी लागते.

राज्याचा कर निराळा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा प्राप्तिकरच नाही. कॅलिफोर्निया मात्र केंद्राने केलेले करार आपल्या करासाठी मानत नाही. त्यामुळे डॅलसमधील मैत्रिणीचा सल्ला सान होजेतील विद्यार्थ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

सामाजिक सुरक्षेची कपात

पगाराच्या चिठ्ठीवर आणखी दोन ओळी असतात. सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के, एकूण ७.६५ टक्के. ‘एफ-१’ विद्यार्थी करापुरता अनिवासी असेपर्यंत त्याच्याकडून ही कपात व्हावयास नको. पदवीनंतरच्या प्रशिक्षण काळात, म्हणजे ‘ओपीटी’वर असतानाही ही सूट कायम राहते. तथापि लहान कंपन्यांच्या वेतन विभागाला हे माहीत नसते आणि कपात सुरू होते. वर्षाला ७०,००० डॉलर पगार असेल तर ही रक्कम ५,३५५ डॉलर भरते. प्राप्तिकराच्या परताव्याच्या कितीतरी पट.

ही रक्कम विवरणपत्रातून परत मिळत नाही. प्रथम कंपनीकडेच मागणी करावी लागते. कंपनीने दुरुस्ती केली नाही तर ‘फॉर्म ८४३’ आणि त्यासोबत ‘फॉर्म ८३१६’ जोडून आयआरएसकडे अर्ज करावा लागतो. व्हिसा, आय-९४, डब्ल्यू-२ यांच्या प्रती आणि कंपनीने नकार दिल्याचे पत्र किंवा ते का मिळाले नाही याचे निवेदन सोबत द्यावे लागते. नोकरी सुटली आणि ईमेल बंद झाला की हे पत्र मिळवणे कठीण होते. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वीच हा विषय काढावा, असे आमचे मत आहे.

‘एच-१बी’ दर्जा सुरू झाला की मात्र कपात योग्य ठरते. बहुतेकांच्या बाबतीत ती तारीख १ ऑक्टोबर असते. त्यानंतर कापलेली रक्कम परत मागता येत नाही. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी ४० पात्रता गुण, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम लागते. दोन देशांतील सेवाकाळ एकत्र धरण्याचा करार भारताने जर्मनी, जपानसह अनेक देशांशी केला. अमेरिकेशी मात्र दीर्घकाळ चर्चा होऊनही २०२५ पर्यंत तो होऊ शकलेला नव्हता. सहा वर्षे काम करून परतणाऱ्या अभियंत्याचे सहा वर्षांचे अंशदान त्यामुळे तेथेच राहते. ही भारतीय कर्मचाऱ्यांची जुनी आणि रास्त तक्रार आहे.

निवासी झाल्यावर हिंगण्यातील ठेवही मोजली जाते

पाच वर्षे संपली किंवा ‘एच-१बी’वर पुरेसे दिवस भरले की व्यक्ती करापुरती निवासी होते. दिवसांचे गणित असे : चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाचे एकतृतीयांश आणि त्यामागील वर्षाचे एकषष्ठांश मिळून १८३ भरावेत, शिवाय चालू वर्षात किमान ३१ दिवस वास्तव्य हवे. निवासी झाल्यावर जगभरातील उत्पन्न अमेरिकेत दाखवावे लागते. वडिलांनी मुलाच्या नावे बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याजही त्यात येते. भारतातील सर्व खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ‘एफबार’ नावाचे वेगळे निवेदन द्यावे लागते. त्यात कर नसतो, पण न दिल्यास दंड जबर आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात ९ जुलै २०१५ रोजी झालेल्या ‘फॅटका’ करारानंतर भारतीय बँका अमेरिकी करनिवासींच्या खात्यांची माहिती पुरवतात, त्यामुळे ‘कोणाला कळणार’ हा युक्तिवाद आता कालबाह्य झाला आहे.

आणखी एक गैरसमज. भारतात राहणाऱ्या आईवडिलांना पैसे पाठवतो म्हणून त्यांना आश्रित दाखवून सवलत घेता येते, असे अनेकांना वाटते. आश्रित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा निवासी, अथवा कॅनडा वा मेक्सिकोची निवासी असावी लागते. हिंगण्यात राहणारे आईवडील त्यात बसत नाहीत.

परतावा हाती पडेपर्यंत

परतावा मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अमेरिकी बँक खात्यात थेट जमा. आयआरएसने ३० सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तींचे कागदी परतावा धनादेश टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात केली. त्यामुळे अमेरिका सोडताना खाते घाईने बंद करणे हा परताव्याच्या वाटेतील मोठा अडथळा ठरू शकतो. शेवटच्या वर्षाचा परतावा जमा होईपर्यंत खाते चालू ठेवावे. ज्यांच्याकडे जुना कोषागार धनादेश पडून आहे, त्यांनी तो निर्गमित झाल्यापासून एका वर्षातच वटवता येतो हे ध्यानात ठेवावे.

‘१०४०-एनआर’ची छाननी सावकाश होते. परताव्यास सहा महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, असे आयआरएस स्वतःच सांगते. पत्ता बदलला असेल तर ‘फॉर्म ८८२२’ भरून कळवावा. खात्याचा पत्रव्यवहार मुख्यतः टपालाने होतो आणि उत्तराची मुदत पत्रावरील तारखेपासून मोजली जाते. डब्ल्यू-२ हरवले असेल तर ‘फॉर्म ४५०६-टी’ पाठवून वेतनाचा उतारा मागवता येतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना ‘आयटीन’ हा करक्रमांक ‘डब्ल्यू-७’ अर्जाने मिळतो. सलग तीन वर्षे विवरणपत्रात वापरला नाही तर तो निष्क्रिय होतो, हेही अनेकांना ऐनवेळी कळते.

टपालाचा हा मुद्दा फसवणुकीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकी नागरिकांना फोन करून आपण करखात्यातून बोलत असल्याचे सांगितले जाई आणि अटकेची धमकी देऊन पैसे उकळले जात. शेकडो तरुणांची तेव्हा चौकशी झाली. नव्याने गेलेले भारतीय विद्यार्थीही अशा फोनना घाबरण्याची शक्यता असते. थकबाकीचा पहिला संपर्क खाते पत्राने करते आणि गिफ्ट कार्डातून कर कधीच मागत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

इतर देशांत

ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असे विचित्र आहे. तेथे करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १२,५७० पौंड आहे आणि कपात करताना ती महिन्यांत वाटली जाते. चार-पाच महिने काम करून वर्षाच्या मध्यात परतलेल्याचा कर म्हणूनच जास्त कापला गेलेला असतो. ‘पी-४५’ जपून ठेवून ‘पी-८५’ भरावा. मागणीसाठी चार वर्षांची मुदत आहे. जर्मनीतही विवरणपत्र बंधनकारक नसलेल्या नोकरदाराला स्वेच्छेने ते भरण्यासाठी चार वर्षे मिळतात. वर्षाच्या मध्यात गेलेल्या किंवा परतलेल्यांना त्याचा चांगला लाभ होतो.

ऑस्ट्रेलियात करापेक्षा मोठी रक्कम ‘सुपर’ या निवृत्ती निधीत असते. तात्पुरत्या व्हिसावर काम केलेल्याला देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ती काढता येते. सर्वसाधारण दराने त्यातून ३५ टक्के कर कापला जातो. जपानमध्ये किमान सहा महिने निवृत्ती योजनेत अंशदान केलेल्या परदेशी व्यक्तीला देश सोडल्यापासून दोन वर्षांत एकरकमी रक्कम मागता येते. कर्मचारी निवृत्ती योजनेच्या रकमेतून कापलेला २०.४२ टक्के कर जपानमधील करप्रतिनिधीमार्फत परत मिळवता येतो. मात्र ही रक्कम घेतली की तेथील सेवाकाळ पुसला जातो. संयुक्त अरब अमिरातीत व्यक्तीच्या पगारावर प्राप्तिकरच नसल्याने तेथे परताव्याचा प्रश्न उद्भवत नाही.

परतल्यावर भारतातील हिशेब

परतणाऱ्यांत असा समज असतो की पहिली दोन-तीन वर्षे परदेशी उत्पन्न भारतात करमुक्त असते. हा समज अर्धा खरा आहे. ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ हा दर्जा मिळण्यासाठी मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असावे लागते किंवा मागील सात वर्षांत भारतातील वास्तव्य ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसावे लागते. म्हणजे साधारण पाच वर्षे बाहेर काढलेल्यालाच हा दर्जा मिळतो. दोन वर्षांची पदवी घेऊन लगेच परतलेला तरुण आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला की पूर्ण निवासी ठरतो आणि त्या वर्षाचे परदेशी उत्पन्नही येथे करपात्र होते.

जून २०२४ मध्ये परतलेल्याचे उदाहरण घ्या. त्याचा एप्रिल ते जूनचा अमेरिकी पगार भारताच्या २०२४-२५ या आर्थिक वर्षात येतो, तर अमेरिकेत तोच पगार २०२४ या कॅलेंडर वर्षात. दोन्हीकडे विवरणपत्र भरून अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट येथे ‘फॉर्म ६७’ देऊन मागावी लागते. २०२४-२५ साठी हा फॉर्म देण्याची अखेरची तारीख ३१ मार्च २०२६ होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा अमलात आला असल्याने त्यापुढील वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वजावट मिळते ती अंतिम देय कराची, कापलेल्या कराची नव्हे. ८०० डॉलर कापले गेले आणि त्यातील ५०० परत आले तर हिशेब ३०० डॉलरचाच. परतावा हे स्वतः उत्पन्न नाही. त्यावर आयआरएसने व्याज दिले असेल तर ते व्याज मात्र उत्पन्न आहे.

पूर्ण निवासी झाल्यावर अमेरिकेतील बँक खाते आणि समभाग भारतीय विवरणपत्राच्या परदेशी मालमत्ता परिशिष्टात दाखवावे लागतात. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यानुसार न दाखवल्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. स्थावर मालमत्ता वगळता एकूण मूल्य २० लाख रुपयांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. परताव्यासाठी म्हणून चालू ठेवलेले ते छोटे खाते येथे विसरू नये.

भूखंड येथे, मालक तेथे

परदेशातच स्थिरावलेल्यांना हाच प्रश्न उलट दिशेने भेडसावतो. हिंगणा परिसरात काही वर्षांपूर्वी घेतलेला भूखंड अनिवासी मालक विकतो, तेव्हा खरेदीदाराने निवासी विक्रेत्याप्रमाणे एक टक्का नव्हे, तर दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या दराने कर कापावयाचा असतो. २३ जुलै २०२४ पासून हा दर १२.५ टक्के आहे, त्यावर चार टक्के उपकर. आणि प्रमाणपत्र नसल्यास व्यवहारात ही कपात नफ्यावर न होता संपूर्ण किमतीवर होते.

चाळीस लाखांना विकलेला भूखंड तीस लाखांना घेतला होता असे धरू. नफा दहा लाख, त्यावरील कर एक लाख तीस हजार. कपात मात्र चाळीस लाखांवर १३ टक्के, म्हणजे पाच लाख वीस हजार. उरलेले तीन लाख नव्वद हजार परत मिळवण्यासाठी आर्थिक वर्ष संपण्याची वाट पाहून भारतात विवरणपत्र भरावे लागते. कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आधीच घेतले तर हा सर्व वळसा टळतो. अर्ज सौद्याच्या आधी आणि पुरेसा वेळ ठेवून करावा, कारण रक्कम दिली गेल्यावर प्रमाणपत्राचा उपयोग राहत नाही.

एनआरओ ठेवींच्या व्याजावरही ३० टक्के आणि उपकर मिळून ३१.२ टक्के कपात होते. अमेरिकेबरोबरच्या करारानुसार व्याजावरील दर सर्वसाधारणपणे १५ टक्के आहे. त्यासाठी तेथील करनिवासाचे प्रमाणपत्र आणि ‘फॉर्म १०-एफ’ बँकेला द्यावा लागत असे. नव्या कायद्याखालील अर्जाचा क्रमांक बँकेकडून विचारून घ्यावा. जास्त कापले गेलेले अर्थातच विवरणपत्रातूनच परत मिळते.

या परताव्याची गाडी बहुधा अगदी क्षुल्लक जागी अडते. १ जुलै २०२३ पासून आधारशी न जोडलेले पॅन क्रमांक निष्क्रिय झाले. अनिवासींना जोडणीतून सूट असली तरी ज्यांचा अनिवासी दर्जा खात्याच्या नोंदीत नव्हता त्यांचे पॅनही त्यात सापडले, आणि निष्क्रिय पॅनवर परतावा दिला जात नाही. पासपोर्टच्या प्रतीसह दर्जा अद्ययावत करण्याची विनंती खात्याकडे करता येते. परतावा जमा व्हावयाचे बँक खातेही संकेतस्थळावर आधी प्रमाणित करून घ्यावे लागते. खात्यावरील नाव आणि पॅनवरील नाव यांत वडिलांच्या नावाच्या आद्याक्षराचा फरक असला तरी प्रमाणीकरण अडू शकते.